अष्टमीची भरती

बाई जेवल्याशिवाय कोणत्याही झाडावर सही करीत नसत. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. अलंकार वापरण्याची मला सवय नाही. ती असती तर माझ्या पत्रांना उत्तरे कदाचित लवकर आली असती. विद्यापीठाच्या पर्यावरण अहवालात एखादे झाड 'वाढलेले' म्हणून दाखवायचे असेल, तर बाई भर दुपारी त्याच्याखाली चटई अंथरीत, डबा उघडीत, आणि शेवटचा घास होईपर्यंत अंगावर ऊन आले नाही तरच त्याच्यापुढे खूण करीत. ऊन आले, तर डबा तसाच बंद करून दुसऱ्या झाडाकडे जात. "एका माणसाला जेवू घालण्याइतकी सावली नाही, ते रोप," असा त्यांचा निवाडा असे. "रोपाला झाड म्हणून त्याला म्हातारं करू नका."

अहवालात झाडांचे रान होते. बाईंच्या पद्धतीने त्यातली निम्मीही उरत ना. यावर विद्यापीठाच्या अभियंत्यांनी एकदा विचारले होते, "बाई, असं प्रत्येक झाडाखाली जेवायला गेलात तर अहवाल कधी पूर्ण व्हायचा?" बाई म्हणाल्या, "मी रोज जेवते."

त्या विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना समजायचे त्यांना समजेल, आणि ज्यांना समजूनही समजत नाही त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. त्याचे उपकेंद्र कळव्याच्या बाजूला, खाडीला लागून आहे. मी राहतो डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अंगाला. एका सरकारी खात्याच्या विधी शाखेतून निवृत्त झालो, आणि औद्योगिक वसाहतीकडून पहाटे येणाऱ्या वासाने मला लिहिते केले. वासावरून नाल्यावर, नाल्यावरून खाडीवर, आणि खाडीवरून या उपकेंद्रावर मी आलो. माहितीच्या अधिकारात त्यांचे तीन वर्षांचे पर्यावरण मूल्यांकन अहवाल मागवले. तिन्ही अहवालांत एकाच कडुनिंबाचे एकच छायाचित्र होते, आणि त्याखाली एक कुत्रा तिन्ही वर्षे त्याच कुशीवर झोपलेला होता. मी त्याविषयी सविस्तर लिहिले, प्रती वरपर्यंत पाठवल्या. उत्तरादाखल विद्यापीठाने मलाच मूल्यांकन समितीवर 'नागरिक प्रतिनिधी' म्हणून नेमले. तोंड बंद करण्याचा हा मार्ग पूर्णतः नियमांत बसणारा होता, म्हणून मी तो स्वीकारला.

समितीच्या अध्यक्षा बाई होत्या. प्राणिशास्त्राच्या सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला चष्म्यावरून पाहिले.

"तुम्हीच का ते कुत्र्याचं पत्र लिहिणारे?"

"मी अहवालातील पुनरुक्तीविषयी लिहिले होते."

"मेला हो तो बिचारा. अहवालात अजून जिवंत आहे. बसा, वकीलसाहेब."

मी वकील नाही, कधीही नव्हतो, हे मी त्यांना तत्काळ सांगितले. त्या म्हणाल्या, "नाही? मग एवढं भांडता ते फुकटच की!" आणि पुढे शेवटपर्यंत मला वकीलसाहेबच म्हणत राहिल्या.

त्यांना कोणी 'मॅडम' म्हटलेले चालत नसे. "मॅडम कार्यालयात बसतात, मी चिखलात," असे म्हणून त्या मॅडम म्हणणाऱ्याला पुन्हा बाई म्हणायला लावीत. त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. वडिलांची होडी होती, चुलतभावाची अजून आहे. वर्गात त्यांची भाषा माझ्या भाषेहून शुद्ध. पण राग आला की ती एकदम किनाऱ्याला लागे. शिकवण्याची रीत अशी, की पहिल्याच तासाला सगळा वर्ग खारफुटीतल्या तिवरांत नेऊन उभा करायचा आणि प्रत्येकाला तिवराचे पान चाटायला लावायचे. तिवर नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. ते जिभेला लागल्याशिवाय बाई पुढचा धडा घेत नसत. पालकांच्या तक्रारी आल्या. त्यांतली एक मी वाचली आहे आणि ती अत्यंत ढिसाळपणे लिहिलेली होती.

पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात त्यांच्या हाती प्लॅस्टिकच्या चकचकीत कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला गेला, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरच तो सोडवला, फुले हातात ठेवली, कागदाची नीट घडी केली आणि प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर ठेवीत म्हणाल्या, "हे तुमचं राहिलं." खतनिर्मितीच्या यंत्राला अहवालात पूर्ण गुण होते. बाईंनी आपल्या जेवणातली केळ्याची साल त्यात टाकली आणि पुढल्या आठवड्यात अभियंत्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "माझी साल कुठवर आली?" साल होती तिथेच होती. यंत्राची वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती.

हे सर्व मी हसत हसत सांगावे असे वाचकाला वाटेल. त्या वेळी मला हसू आले नव्हते. आजही येत नाही. कारण याच अहवालात एक ओळ अशी होती की जिच्यापुढे साल आणि कुत्रा या क्षुल्लक बाबी ठरत होत्या.

उपकेंद्राच्या मागे बांध आहे. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खारफुटीचा एक तुकडा. पूर्वी बांधाखालून कोळीवाड्यातल्या जुन्या लोकांनी बांधलेली दगडी मोरी होती आणि तिच्यातून भरतीचे पाणी रोज आत येऊन रोज परत जाई. मग बांधावर फरशा बसवून, कडेने कुंड्या मांडून 'हरितपथ' करण्यात आला. त्या कामात मोरी भरावाखाली गेली आणि तिच्या जागी एक पाइप टाकला गेला. पाइप टाकला ही गोष्ट खरी. तो मोरीच्या पातळीहून बराच वर टाकला, ही गोष्टही तितकीच खरी. परिणामी, मोठ्या भरतीचे पाणी तेवढे आत शिरे; ते परतही पूर्ण जात नसे. खाली साचे, तापे, कुजे. तिवरांची पाने पिवळी पडून गळू लागली होती. आणि अहवाल म्हणत होता: 'खारफुटी संवर्धन. भरतीचा नैसर्गिक प्रवाह अबाधित. पूर्ण गुण.'

उपकेंद्राच्या संचालकांच्या खोलीत भिंतीवर विस्ताराचा आराखडा होता. त्या तुकड्यावर फिकट गुलाबी चौकोन काढून लिहिले होते: 'भविष्यातील वसतिगृह (खारफुटी नसल्यास).' कंसातले ते दोन शब्द मी उभ्यानेच वहीत उतरवून घेतले. खारफुटी तोडणे गुन्हा आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तिला तहानेने मारणे कोणत्या कलमाखाली येते, हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानावरच वसतिगृहाचा पाया घातला जाणार होता.

"या वर्षी सही झाली," बाई मला बाहेर आल्यावर म्हणाल्या, "की पुढच्या वर्षी वाचवायला काही उरणार नाही. मुळं गुदमरलीत."

"मग आपण सही करायची नाही."

"आपण दोघं. बाकीच्यांनी डोळ्यांनी पाणी येताना पाहिलंय."

हे खरे होते, आणि मला ते उलगडत नव्हते. दरवर्षी समितीची पाहणी होई, आणि दरवर्षी सदस्यांना पाइपातून खळाळत आत येणारे पाणी दिसे. बाई यंदापर्यंत या समितीवर नव्हत्या, मीही नव्हतो. पण ज्यांनी पाहिले ते काही सगळेच लबाड नव्हते. एक निवृत्त प्राचार्य तर मला शपथेवर सांगत होते की त्यांनी पाण्यात हात घातला होता.

उलगडा बाईंनी केला, आणि तो करताना त्यांनी मला जी विनंती केली, तशी त्यांनी आयुष्यात कोणाला केली नसेल.

उपकेंद्रात दरवर्षी माघी पौर्णिमेला सत्यनारायणाची पूजा होते. त्या दिवशी झाडून सारे अधिकारी हजर असतात, म्हणून पाहणीही त्याच दिवशी उरकण्याची प्रथा पडली होती. पूजा, आरती, प्रसाद, जेवण, आणि जेवण अंगावर आल्यावर हरितपथावरून एक फेरी. शासकीय परिसरात धार्मिक विधी आणि त्याच दिवशी, त्याच खर्चात, अधिकृत पाहणी, या गोष्टीस मी नियमांच्या आधारे आक्षेप घेतला होता. पत्राचा मसुदा बाईंना दाखवला, तेव्हा त्या संतापल्या होत्या. "पूजेच्या वाटेला जाल तर बघा. शिरा मी करते तिथला!" मी ते पत्र तेवढ्यापुरते बाजूला ठेवले होते.

एका सकाळी बाईंचा फोन आला.

"वकीलसाहेब, ते पूजेचं पत्र पाठवलं का हो?"

"आपण विरोध केला होता."

"पाठवा."

"म्हणजे आता आपल्याला पूजा नको?"

"पूजा मला हवी. पौर्णिमा नको." मग त्या थोडे थांबून, वर्गात बोलत तशा बोलल्या. "पौर्णिमेला काय असतं? उधाण. सगळ्यांत मोठी भरती, आणि आपल्याकडं ती येते कधी? दुपारी. तुमची जेवणं झाली की. अहो, इतकी वर्षं हे लोक उधाणाच्या पाण्याला गुण देतायत! त्या पाइपात महिन्याचे मोजके दिवस पाणी चढतं, आणि हे नेमके त्याच दिवशी शिरा खाऊन तिथं उभे."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. कोणीही कट केला नव्हता. पूजा मोठी म्हणून माणसे जमत, माणसे जमत म्हणून पाहणी होई, आणि पौर्णिमा म्हणून पाणी येई. इतकी निष्पाप, इतकी पवित्र चूक मी माझ्या संपूर्ण सेवाकाळात पाहिली नव्हती, आणि त्या चुकीवर आता एक गुलाबी चौकोन उभा राहत होता.

पत्र मी त्याच दिवशी पाठवले. संचालक माझ्या पत्रांना कंटाळलेलेच होते. त्यांनी 'पूजा नेहमीप्रमाणे, पाहणी वेगळ्या दिवशी' असा निर्णय दिला आणि दिवस ठरवण्याचे अध्यक्षांवर सोपवले. बाईंनी अष्टमी निवडली. अष्टमीच्या आसपास भरती अगदी मवाळ असते. खाडीकाठचे लोक त्या दिवसांना भांग म्हणतात. खारफुटीला रोज जे पाणी मिळायला हवे, त्याची परीक्षा भांगालाच होते. उधाण काय, कुणाच्याही दारात येते.

त्या दिवशी पूजा नव्हती, म्हणून बाकीचे सदस्य आले नाहीत; दुपारी हरितपथावर आम्ही चौघेच होतो. बाई, मी, संचालक आणि अभियंता. ओहोटी होती. पाइप कोरडा होता. आतल्या बाजूला काळे पाणी डबक्यासारखे पडले होते आणि त्याला मानपाड्याच्या नाल्याची आठवण करून देणारा वास होता.

"आता बाई म्हणणार पाइप कोरडा आहे," अभियंते म्हणाले. "ओहोटीला कोरडाच असणार ना! एवढं तर मला पण कळतं."

"मग भरतीपर्यंत बसा."

"भरती संध्याकाळी येईल!"

"डबा आणलाय तुमच्यासाठी. तांदळाच्या भाकऱ्या आहेत, जवळा आहे. वकीलसाहेब, तुमची वांग्याची भाजी वेगळ्या डब्यात आहे, घाबरू नका. चमचा पण वेगळा."

कोणी फारसे जेवले नाही. मीही नाही. संचालकांचा फोन सारखा वाजत होता. वरून अहवाल मागत होते. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते बाईंसमोर फरशीवर बसले. हे सांगणे आवश्यक आहे, की ते बाईंचे विद्यार्थी होते.

"बाई, या अहवालावरची श्रेणी गेली ना, तर पुढचे अभ्यासक्रम अडकतील. मुलं कल्याणवरून, टिटवाळ्यावरून मुंबईपर्यंत जातात हो रोज. त्यांच्यासाठीच करतोय मी हे. वसतिगृह काय माझ्या घरच्यांसाठी बांधतोय?"

"मुलांना खोली हवी, खरंय."

"मग?"

"तिथं आत्ता कोण राहतं ते बघितलंस?"

अभियंत्यांनी मध्येच तोंड घातले. "बाई, तुमच्याच नियमाने चला. झाडाखाली जेवता आलं तर झाड. खारफुटीखाली जेवून दाखवा बघू!"

मला वाटले बाई आता उसळतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिथं आपण नाही जेवायचं. तिथं जेवणारे वेगळे आहेत. चिंबोऱ्या आहेत, चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी आहे, बगळे आहेत. ते जेवत असले तर झाड जिवंत. दुपारपासून इथं बसलोय आपण. एक तरी बगळा उतरला का आत?"

आम्ही चौघांनीही, आपसूक, आतल्या बाजूला पाहिले. तिथे काहीही हलत नव्हते.

त्यानंतरची प्रतीक्षा मी विसरू शकत नाही. सूर्य ठाण्याच्या इमारतींवर उतरला. खाडीचे पाणी हळूहळू चिखल झाकू लागले. पाणी चढताना आवाज होत नाही. मघाशी दिसत असलेला दगड आता दिसत नाही, एवढेच कळते. अभियंते बांधाच्या कडेला उकिडवे बसून पाइपाच्या तोंडाकडे टक लावून होते. माझ्या लक्षात आले की ते मनातल्या मनात पाण्याला वर बोलावत आहेत. मी उलट प्रार्थना करीत होतो आणि तशी प्रार्थना करावी लागते याचा मला संताप येत होता. बाई मात्र पाण्याकडे पाहतच नव्हत्या. त्या संचालकांकडे पाहत होत्या.

पाणी पाइपाच्या खाली हातभर अंतरावर आले आणि थांबले. जरा वेळ तसेच राहिले. मग चिखलावर ओली रेघ सोडून उतरू लागले.

"झाली भरती," बाई म्हणाल्या.

संचालक उठले, पँट झटकली. "एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही, बाई. इतकी वर्षं आपण—"

"अरे, तू माझ्या वर्गात होतास!" बाईंचा आवाज एकदम किनाऱ्याला लागला. "इकरं, याच बांधावर, तुला तिवराचं पान चाटवलं मी. मीठ लागलं होतं ना जिभेला? आज चाट. चाटून दाखव मना!"

संचालकांनी मान खाली घातली आणि ते चालू लागले. अभियंते त्यांच्यामागे गेले. बाईंनी न संपलेले डबे पिशवीत भरले.

पुढल्या बैठकीत अहवाल बहुमताने मंजूर झाला. 'भरतीचा नैसर्गिक प्रवाह अबाधित' ही ओळ जशीच्या तशी राहिली. बाईंनी आणि मी विरोध नोंदवला. बाई वर्षअखेर निवृत्त होणार असल्याने 'कामाचा ताण लक्षात घेऊन' त्यांना अध्यक्षपदावरून मुक्त करण्यात आले. मी त्याच बैठकीत उभा राहून हरित न्यायाधिकरणाचे नाव घेतले. बाहेर आल्यावर बाईंनी विचारले, "किती वेळ लागतो हो तिथं?"

मी प्रामाणिकपणे सांगितले.

"झाडं तुमच्या तारखेपर्यंत थांबणार नाहीत, वकीलसाहेब." मग त्या वळून पुन्हा बैठकीच्या खोलीकडे गेल्या आणि दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "येत्या भांगाला दुपारी मी मोरी उघडणार आहे. जुनी मोरी जिथं होती तिथंच. कुणाला यायचं असेल त्यांनी या." आणि माझ्याकडे पाहून, "नोटीस झाली ना नीट?"

मी म्हणालो की नोटीस तोंडी असली तरी साक्षीदार पुरेसे आहेत.

त्या दिवशी बाई, त्यांचे चुलतभाऊ, एक पहार, दोन फावडी आणि घमेले असे सगळे बांधावर आले. बाईंनी आधी चटई टाकून जेवण केले. मग चुलतभावाने पहार फरशीखाली घातली. सुरक्षारक्षक धावत आला.

"बाई, नका ओ! माझी नोकरी जाईल."

"तुझं काम काय? अडवायचं. वाजव शिटी. मी खणते. दोघांची नोकरी राहील."

तो बिचारा शिटी वाजवीत राहिला. बाई साडीचा पदर खोचून घमेली भरत राहिल्या. विद्यार्थी खिडक्यांतून पाहत होते. मी बाईंना स्पष्टपणे बजावले की हे सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान आहे, चौकशी लागू शकते, निवृत्ती अडकू शकते, पोलीसही येऊ शकतात.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. छत्री धरा जरा, ऊन लागतंय."

मी छत्री धरली. फावड्याला हात लावला नाही. याचा मला अभिमान नाही आणि शरमही नाही. मी तिथे कशासाठी उभा होतो हे मला त्या वेळी पुरते ठाऊक नव्हते. खणता खणता भरावाखालून जुन्या मोरीचा दगड लागला तेव्हा चुलतभाऊ म्हणाले, "ही बग, बाय. आपल्या बापूसची मोरी." बाई क्षणभर फावड्यावर टेकून उभ्या राहिल्या. शिटीही थांबली होती.

संध्याकाळी भांगाचे मवाळ पाणी त्या वाटेने आत आले.

नोटीस तिसऱ्याच दिवशी निघाली. बाई ती घेऊन डोंबिवलीला माझ्या घरी आल्या, आणि सोबत सुक्या बोंबलांचा डबा. माझ्या पत्नीने तो दारातच उघडून पाहिला आणि नाकाला पदर लावला. "अगंबाई! बाई, आमच्याकडे नाही हो खात हे."

"तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. यांचं पत्र संपेपर्यंत भूक लागेल मला."

"ते मात्र खरं. यांचं पत्र संपेपर्यंत आमची आमटी रोज गार होते. बसा तुम्ही, भात लावते."

नोटिशीत विद्यापीठाने म्हटले होते की बाईंनी बांध फोडून मालमत्तेचे नुकसान केले, आणि त्याविषयी पोलिसांत तक्रार का करू नये याचा खुलासा द्यावा. बाई आपले तळहात उलटेसुलटे करून पाहत होत्या. हातांना फोड आले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "बांध बुजवतील का हो परत?"

स्वतःचे काय होईल, हे त्यांनी विचारले नाही. मी नोटीस पुन्हा वाचली. मग विद्यापीठाचा मंजूर अहवाल काढला, तीच ओळ पुन्हा वाचली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या ओळीविषयी मला कृतज्ञता वाटली.

मी लिहिलेल्या पत्रांत ते सर्वांत लहान आहे. त्यात म्हटले होते, की विद्यापीठाच्या मंजूर अहवालानुसार सदर ठिकाणी भरतीचा नैसर्गिक प्रवाह अबाधित आहे. जो प्रवाह आधीच अबाधित होता, त्याला बाईंनी नेमकी कोणती नवी वाट करून दिली, हे कृपया स्पष्ट करावे. बांध फुटल्यामुळे प्रथमच पाणी आत आले असे विद्यापीठाचे म्हणणे असेल, तर तसे लेखी कळवावे, म्हणजे अहवालाविषयी पुढील कार्यवाही करता येईल. बांध पुन्हा बुजवण्याचा विचार असेल, तर तेही त्याच पत्रात नमूद करावे.

बाईंनी ते दोनदा वाचले. मग त्या मोठ्याने हसल्या, इतक्या मोठ्याने की पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"वकीलसाहेब, तुम्ही वकील का नाही झालात?"

त्या पत्राला उत्तर आले नाही. तक्रारही झाली नाही, कारण तक्रार करायची तर आधी अहवाल खोटा म्हणावा लागणार होता. काही आठवड्यांनी बाईंनी उघडलेल्या त्या जागेवर एक छोटा साकव बांधण्यात आला, आणि हरितपथ त्याच्यावरून सुरळीत पुढे गेला. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्या साकवाचे छायाचित्र होते: 'विद्यापीठाच्या पुढाकाराने खारफुटीचे पुनरुज्जीवन.' बाईंचे नाव कुठेही नव्हते. त्यावर मी लिहिलेली पत्रे अद्याप प्रलंबित आहेत, आणि जोवर माझ्या हाताने लिहवते आहे तोवर ती निकाली निघाली नाहीत असेच मी समजेन. गुलाबी चौकोन मात्र भिंतीवरून गेला.

बाई निवृत्त झाल्या. आता त्यांचे गुडघे चालू देत नाहीत. कोळीवाड्यातल्या घरी ओटीवर बसलेल्या असतात. समितीवर मी अजून आहे, कारण मला काढण्याचे पत्र लिहिण्याची कोणाची तयारी नाही. या वर्षी नव्या अध्यक्षांनी अहवाल वातानुकूलित खोलीत सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. खारफुटीची ओळ तीच होती. मी सांगितले की अष्टमीनंतर करीन.

अष्टमीच्या संध्याकाळी मी साकवावर उभा राहिलो. पाणी आवाज न करता खालून आत जात होते. वाळलेल्या खोडांच्या मधून तिवराची नवी पाने दिसत होती. मी एक पान तोडले, आजूबाजूला कोणी नाही असे पाहिले आणि जिभेला लावले. मग बाईंना फोन केला.

"जेवतंय का कुणी?" त्यांनी नमस्कारही केला नाही.

"एक बगळा आहे."

"नुसता उभा आहे की जेवतोय?"

"चोचीत काहीतरी आहे. शेपूट हलते आहे."

"निवटी असेल. बांधाच्या आत की बाहेर?"

"आत."

पलीकडे ओटीवर कोणीतरी त्यांना काही विचारले; त्यांनी 'थांब जरा' म्हटल्याचे ऐकू आले.

"मग करा सही, वकीलसाहेब."

मी खिशातून पेन काढले, साकवाच्या कठड्यावर अहवाल ठेवला, आणि बगळ्याचे गिळून होईपर्यंत थांबलो.